बाबांसाठी पाहिलेल्या गाड्या

पहिल्या शोरूममध्ये बाबांनी गाडीचं मागचं दार तीन वेळा उघडून लावलं. दर वेळी लावताना मान थोडी तिरपी करून ते आवाज ऐकत होते. गाडी दाखवणाऱ्या मुलीला वाटलं, दार नीट लागत नाहीये.

"बाबूजी, धीरे से भी लग जाता है," ती म्हणाली.

"लगता है बेटा. मैं सुन रहा हूँ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती हसले. माझे वडील एका कागद कारखान्यात ड्रायव्हर होते, साहेबांच्या गाडीवर, उभं आयुष्य, हे तिला त्या घाईत कुठे सांगत बसणार?

कारखाना बुऱ्हाणपूरपासून तासाभराच्या वाटेवर. आमचं मूळ गाव तिकडे रावेरकडचं, पण मी जन्मले आणि वाढले ती कारखान्याच्या वसाहतीत. आई गेली तेव्हापासून बाबा बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात माझ्याकडे असतात. मी शाळेत शिकवते, नवऱ्याची जसोंडीला केळी आहे, मुलगी इंदूरला शिकते. आमच्याकडे बारा वर्षं एक छोटी गाडी होती. दोन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यानंतर त्यांचा उजवा पाय पूर्वीसारखा उचलेनासा झाला. छोट्या गाडीत गुडघे पुढच्या सीटला टेकायचे. दवाखान्यात जाऊन आलं की संध्याकाळपर्यंत ते कोणाशी बोलायचे नाहीत.

नवरा म्हणाला, "उंच गाडी घेऊ. आजकाल सगळे तीच घेतात. शेतात पण जाते."

मित्राची उंच गाडी तो एक दिवस दारात घेऊन आला. बाबांनी पायरीवर पाय ठेवायला वर उचलला, तो अर्ध्यातच थांबला. त्यांनी हातानं पँट धरून पाय वर ओढायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "चांगली आहे गाडी," आणि घरात निघून गेले. तेवढ्यावर तो विषय संपला.

म्हणून मधल्या आकाराची, डिक्कीवाली गाडी पाहायचं ठरलं. मुलगी फोनवर ओरडली, "मम्मी, सेडान अब कौन लेता है? आऊट ऑफ फॅशन आहे ते!" तरीपण तिनंच तीन गाड्या काढून दिल्या आणि मोठा तक्ता करून पाठवला. अ‍ॅव्हरेज किती, एअरबॅग किती, समोरचा टचस्क्रीन पडदा केवढा, मागे एसीची हवा येते का. मी तो तक्ता शाळेतल्या संगणकावरून छापून घेतला. पण मला हवी होती ती गोष्ट त्यात नव्हती. बाबा घरी वेताच्या खुर्चीत बसतात, त्या खुर्चीतून ते कोणाचा हात न धरता उठतात. त्या उंचीची सीट कोणत्या गाडीत आहे, हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं.

नवऱ्याकडे केळीच्या झाडांना आधार बांधायची सुतळी होती. तिचा एक तुकडा घेतला, खुर्चीशेजारी जमिनीपासून धरला आणि बैठकीच्या उंचीवर गाठ मारली. ती सुतळी पर्समध्ये घालून मी शोरूममध्ये गेले.

पहिली गाडी दिसायला देखणी होती. आत मोठा पडदा, छताला काच, बसल्याबरोबर कसलंसं संगीत वाजलं. सुतळीची गाठ मात्र सीटच्या बरीच वर आली. बाबा आत बसताना छत खाली उतरत आल्यामुळे त्यांचं डोकं आपटलं. त्यांनी हातानं केस सारखे केले आणि त्या मुलीला सांगितलं, "स्टेपनी दिखाओ." स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान होती. बाबा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "दाराचा आवाज चांगला आहे. बाकी देखावा."

मला लहानपणची ती पांढरी गाडी आठवली. गोल पाठीची, आत खाकी रंगाच्या गाद्या, मागच्या काचेला आईनंच शिवलेले पडदे. रोज सकाळी सातला बाबा ती धुवायचे. आधी टप, मग काचा, मग चाकं, सगळ्यात शेवटी नंबरपट्टी. मी शाळेत जाताना गॅरेजवरून जायचे. बाबांच्या हाताला ओल्या कापडाचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास यायचा. गाडी कारखान्याची, साहेबांसाठी. त्या गाडीत मी एकदाही बसलेले नव्हते. वसाहतीतल्या मुली विचारायच्या, "तुझे बाबा तर गाडीवाले आहेत ना?" मी "हो" म्हणायचे आणि पायी चालत राहायचे.

दुसरी गाडी पाहायला आठवड्याभरानं गेलो. या वेळी नवराही होता आणि त्यानं सोबत ठिबकच्या नळीचं एक भलंमोठं वेटोळं आणलं होतं. "डिक्कीत हे बसलं पाहिजे," तो म्हणाला. काचेच्या त्या चकचकीत दालनात तो वेटोळं खांद्यावर घेऊन शिरला तेव्हा मी दोन पावलं मागे राहिले. पण वेटोळं बसलं, वर आणखी जागा राहिली. मागची सीट तर अशी होती की माझी गाठ नेमकी गादीला टेकली. बाबा बसले, उठले, पुन्हा बसले. हात कुठेही धरला नाही. मी मनातल्या मनात गाडी घेऊनसुद्धा टाकली.

शोरूममधली बाई पन्नाशीची, हसतमुख होती. गाडी चालवून बघायला तीही आमच्यासोबत निघाली. नवऱ्यानं गाडी जसोंडीच्या रस्त्याला घातली. पक्की सडक संपून शेताकडे वळलो तिथे कोणी तरी पाण्याचा पाइप रस्त्याखालून नेऊन वर मातीचा उंचवटा करून ठेवला होता. आम्ही चौघं बसलेले. गाडी त्यावर चढली आणि खालून खर्रकन आवाज आला. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"पोट टेकलं," बाबा शांतपणे म्हणाले.

नवरा उतरून खाली वाकून पाहायला लागला. ती बाईही उतरली. काही मोठं लागलेलं नव्हतं, पण दोघं बराच वेळ तिथेच होते. गाडीत मी आणि बाबा मागे बसून होतो. दोन्हीकडे केळी, पानं वाऱ्यानं फाटलेली. ती बाई परत आली आणि वातावरण हलकं करायला म्हणाली, "बाबूजी, आपने तो बहुत गाड़ियाँ चलायी होंगी. आपकी अपनी कौन सी थी?"

"मेरी? एक भी नहीं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि मला गरज होती त्या दिवशीसुद्धा नव्हती."

मी ते थट्टेत म्हटलं होतं, निदान तसं म्हणायचं मनात होतं. पण तीस वर्षांत मी ते पहिल्यांदा मोठ्यानं बोलले होते.

मला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठीची प्रवेश परीक्षा खंडव्याला होती. त्या सकाळी आई आणि मी स्टेशनवर गेलो तर कळलं, पॅसेंजर रद्द झाली आहे. पहिली बस निघून गेलेली. मी पळत गॅरेजवर आले. पांढरी गाडी कडुनिंबाखाली उभी होती, धुतलेली, कोरडी. साहेब दिल्लीला गेलेले. "बाबा, मला सोडा," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "थांब इथंच," आणि कुठेतरी गेले. दहा मिनिटांनी आले ते कागदाची रिळं भरलेला एक ट्रक थांबवूनच. ट्रक इंदूरला चालला होता, खंडव्यावरून. मी म्हटलं, "गाडी आहे ना! विचारायचं तरी. बंगल्यावर विचारलं का?" ते म्हणाले, "नाही विचारलं. कंपनीची गाडी आपल्या कामाला नसते." ट्रकच्या केबिनमध्ये मला चढवून दिलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसले. खंडव्यापर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. परीक्षेच्या दारात पोचले तेव्हा माझ्या पांढऱ्या ओढणीवर ग्रीसचा डाग होता. पेपर चांगला गेला, मी शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलगी झाली. पण वडिलांनी माझ्यासाठी एक शब्द टाकला नाही, हे कुठेतरी तसंच राहिलं.

जसोंडीहून त्या दिवशी घरी आल्यावर मी चहा केला. बाबा वेताच्या खुर्चीत बसले होते. बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत थांबले.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

मला आधी कळेचना ते कशाबद्दल बोलताहेत.

"परीक्षेच्या दिवशी. बंगल्यावर गेलो होतो मी. बाईसाहेब व्हरांड्यात होत्या. म्हणाल्या, आज नको, गाडी लागेल. बस्स, एवढंच."

"लागली का मग?"

"नाही. उभीच होती दिवसभर."

मी खाली त्यांच्या पायाशी बसले. "मग मला काहून नाही सांगितलं, बाबा? मी इतकी वर्षं..."

"तुले पेपर लिहायचा होता ना बाई. ते ऐकून गेली असती तर तेच डोक्यात घोळलं असतं तुह्या. रडत बसली असती तिथं." त्यांनी बशी तोंडाला लावली. "माझ्यावर चिडली होती, ते बरं होतं. चिडली की तू चांगलं लिहिते. लहानपणापासून."

मी हसले आणि डोळेही भरून आले. त्यांना असं काही दिसलं की अवघडल्यासारखं होतं. ते घाईनं म्हणाले, "ती दुसरी गाडी नको घेऊ. पोट फार खाली आहे."

"पण मागची सीट किती छान होती तुमच्यासाठी!"

"मागची?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना टपावर बसायला सांगितलंय. "मी मागे काहून बसू? मले मागे मळमळते. रस्ता दिसला पाहिजे मले. मी पुढे बसतो ना."

इतके दिवस मी सुतळी घेऊन मागच्या सीटा मोजत फिरत होते. त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. छोट्या गाडीत ते मागे बसायचे, कारण पुढे मी किंवा मुलगी बसायची आणि ते काही बोलायचे नाहीत. मोठ्या माणसाला मागे आरामात बसवायचं, हे मीच गृहीत धरलेलं.

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू मोजून राह्यली होती इतक्या मनानं," ते म्हणाले. "म्हटलं मोजू दे."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मामा, तुम्ही पण ना!" म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिसऱ्या गाडीकडे गेलो. ती तक्त्यात सगळ्यात खाली होती. पडदा लहान, छताला काच नाही, रंग राखाडी. मी यावेळी पुढच्या, चालकाशेजारच्या सीटला सुतळी लावली. गाठ बोटभर वर राहिली, तेवढं चालण्यासारखं होतं. बाबांनी दार एकदाच लावून पाहिलं. मग ती जसोंडीच्या त्याच उंचवट्यावरून नेली. मी श्वास रोखून बसले होते. गाडी चढली, उतरली, काही आवाज झाला नाही. बाबा पुढे बसले होते, त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेलेला मी मागून पाहिला.

मुलीनं व्हिडिओवर गाडी पाहिली आणि म्हणाली, "राखाडी? सीरियसली?" पण तिचे नाना, म्हणजे बाबा, पुढे बसून तिला हात हलवून दाखवत होते, ते पाहून तीही हात हलवायला लागली.

गाडी घरी आली त्या दिवशी शेजारीपाजारी मावा जिलेबी वाटली. पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, वसाहतीत जाऊन येऊ. मी चालवत होते, नवरा मागे पाय पसरून बसला होता. बाबा सगळ्या वाटेनं सांगत होते: इथे पूर्वी फाटक होतं, इथे रात्रीच्या पाळीचे लोक चहा प्यायचे, हा उतार आला की गिअर खाली घे. वसाहतीतली निम्मी घरं बंद होती. आमच्या घराच्या दाराला दुसऱ्याच कोणाचं कुलूप होतं. आईनं लावलेला पेरू मात्र कुंपणाबाहेर वाढला होता. गॅरेजच्या जागी पत्र्याचं शेड होतं आणि आत मोडक्या सायकली. बंगल्यासमोर मी गाडी हळू केली.

"उतरायचं का?"

"काय करायचं उतरून? चल पुढे."

ते खरंच त्या बंगल्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर आमच्या घराकडे होती, आरशातून, पेरू दिसेनासा होईपर्यंत.

परत येताना घाटाखाली एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून, खाली न उतरता, भाव करत बसले. "नव्या सीटवर डाग पडतील," नवरा मागून म्हणाला. बाबांनी मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, एक पिकलेलं फळ दोन हातांनी उघडलं आणि मोठा अर्धा भाग माझ्यापुढे धरला. मी गाडी बंद केली. तिघांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, बिया काचेबाहेर टाकत सीताफळं खाल्ली.