हाफक्लच सरांची आत्याबाई

हाफक्लच सर हे नाव त्यांना शिष्यांनी दिलं होतं आणि सरांना ते ठाऊक नाही असा सगळ्या शिष्यांचा समज होता. आयुष्यभर माणसाने सकाळ-संध्याकाळ ‘हाफ क्लच, हाफ क्लच’ असा जप केल्यावर दुसरं कुठलं नाव पडणार? सरांची मोटार शिकवण्याची शाळा म्हणजे एक पाटी, एक गाडी आणि ते स्वतः. पाटीचा रंग उडाला होता, गाडीचाही उडाला होता, सरांचे केस तर केव्हाच उडाले होते. तोरा मात्र तिघांचाही शाबूत होता.

गाडीला आत्याबाई म्हणायला सुरुवात केली ती सरांच्या बायकोने. "मनधरणी केल्याशिवाय उठत नाही, उठली की वाटभर कुरकुरते आणि तिला कुणी नावं ठेवली की तुम्हाला झोंबतं. तुमच्याच घराण्यातली दिसते," असं त्या एकदा म्हणाल्या आणि नाव चिकटलं. सरांनी ते मनावर घेतलं नाही. उलट मनधरणीचं त्यांनी शास्त्रच करून टाकलं. किल्ली नुसती फिरवली तर आत्याबाई ‘टक्’ करून गप्प बसायची. म्हणून आधी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची, सीटवर बसल्याबसल्या अंगाने पुढेमागे दोन हिसके द्यायचे, मग न्यूट्रल, मग किल्ली. हे सर पहिल्याच दिवशी, अगदी स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी शिकवत. त्यामुळे गावातल्या कितीतरी कोऱ्या करकरीत गाड्यांमध्ये शहाणीसुरती माणसं निघण्यापूर्वी डोलताना दिसायची आणि पाहुण्यांना वाटायचं, इथल्या लोकांना पाठीचा काही विकार असावा.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांबद्दलही सरांची मतं पक्की होती. बॅटरीचा दिवा मधूनच मिचमिचायचा. गोलात उद्गारचिन्ह असलेला ब्रेकचा लाल दिवा तर कायमच पेटलेला असायचा. नवा शिष्य बिचकून विचारायचा, "सर, हा लाल दिवा?"

"तिचा स्वभाव आहे तो. आपण रस्त्याकडे बघायचं."

सगळं असं सुखात चाललं होतं, तेवढ्यात सुनेने गाडी शिकायला घेतली. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. सून परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं बघायची नोकरी तिला एका संस्थेत मिळाली होती. गाडी संस्था देणार होती, परवाना तेवढा हिने दाखवायचा होता. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवू, त्यानंतर नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. दवाखान्यातल्या रात्रपाळ्यांनी मेटाकुटीला आलेल्या त्या मुलीला ही नोकरी जिवापाड हवी होती, आणि घरात खुद्द सर असताना परवान्याची काय ती काळजी, असं सगळेच धरून चालले होते.

शिकलीही भराभर. सासरे म्हणतील ते प्रमाण मानायचं, एवढंच तिला माहीत. हिसके दिले, लाल दिव्याकडे कानाडोळा केला, अरुंद गल्लीतून गाडी अशी उलटी आणली की सरांनी दोन दिवस भेटेल त्याला ते ऐकवलं.

परीक्षेत मात्र ती सपशेल नापास झाली.

परीक्षेसाठी आता कार्यालयाचीच गाडी वापरायची, असा नवा नियम आला होता. सुनेने त्या नव्या गाडीत बसून दोन हिसके दिले, तेव्हाच शेजारचे परीक्षक साहेब चमकले. मग तिने गाडी सुरू केली. समोर ब्रेकचा लाल दिवा झळकत होता, कारण हँडब्रेक वर ओढलेला होता. तिने त्या दिव्याकडे मोठ्या मायेने पाहिलं आणि रस्त्याकडे नजर लावली. गाडी रडतखडत वळणापर्यंत गेली, जळका वास सुटला आणि साहेबांनी परीक्षा तिथेच थांबवली.

घरी आल्यावर सरांनी कार्यालयाचा उद्धार केला. नव्या गाड्यांना जीव नसतो, साहेबाला अक्कल नसते, वगैरे. सून पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं, बाबा. दिवा दिसत होता मला. मला वाटलं, त्याचा स्वभाव असेल."

 सर जेवायलासुद्धा धड बसले नाहीत. तिने एका शब्दाने दोष दिला असता तर त्यांनी दोन तास वाद घातला असता आणि त्यांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी आत्याबाईचं बॉनेट उघडलं. खरं तर सरांना यातलं सगळं कळत होतं. तरुणपणी ते गॅरेजातच वाढले होते. कळत असून बघायचं टाळलं, कारण बघितलं की काहीतरी निघणार आणि निघालं की आत्याबाई म्हातारी झाली हे मान्य करावं लागणार. त्यांनी बायकोला आत बसवलं, हेडलाइट लावायला सांगितले आणि किल्ली फिरवायला लावली. ‘टक्’ झालं, पण दिवे होते तसेच लख्ख राहिले.

"बॅटरी गेली," बाई आतून म्हणाल्या.

"बॅटरी गेली असती तर दिवे मंदावले असते. बॅटरीची वीज कुठेतरी अडते आहे."

त्यांनी बॅटरीची टोकं घासून स्वच्छ केली, तरी तेच. मग जाड वायरीचं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. "फिरवा." आत्याबाई एका झटक्यात सुरू झाली. कारण खाली सापडलं. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी कुजून दोन-चार तारांवर लोंबत होती. हिसके दिले की इंजिन हलायचं आणि त्या तारा जागेवर टेकायच्या. इतक्या वर्षांचं शास्त्र ते एवढंच.

"म्हणजे आत्याबाई रुसत नव्हती तर," बाई म्हणाल्या. "तिचं दुखत होतं."

 सरांनी हँडब्रेक ओढून पाहिला, सोडून पाहिला. लाल दिवा हलला नाही. म्हणजे हँडब्रेकचं बटण नव्हे. मग ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली. तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं. चाक काढलं तर ब्रेकचे पॅड झिजून कागदाएवढे उरलेले. दिवा खरं सांगत होता. तो रोज, प्रत्येक शिष्यासमोर खरं सांगत होता आणि सर त्याला गप्प बसवत होते. ह्याच गाडीत आपण सुनेला उतारावर नेलं होतं. ते चाकाशेजारी जमिनीवरच बसून राहिले.

गाडी गॅरेजात धाडून सर तडक चौकातल्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांचा जुना शिष्य. सरांना सगळ्या शिष्यांना गाठून सांगायचं होतं आणि सुरुवात इथून करायची होती.

"तुला एक चुकीचं शिकवलं मी," सर म्हणाले. "तो लाल दिवा लागला, तर गाडी हलवायची नाही. आधी कारण शोधायचं."

औषधवाला हसला. "सर, ते मी पहिल्याच महिन्यात गाडीच्या पुस्तकात वाचलं. सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग बोलला नाहीस कधी?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही आवडायचात आम्हाला." मग जरा ओशाळून तो म्हणाला, "हिसके मात्र मी अजून देतो. ते सुटत नाहीत."

सर परत निघाले. आपण म्हणू ती पूर्व दिशा, या थाटात त्यांनी सगळा जन्म काढला होता, आणि लोक नुसते हो ला हो म्हणत आले होते. मनापासून विश्वास ठेवला तो एकट्या सुनेने, आणि फटका बसला तोही तिलाच. रस्त्यात त्यांचे डोळे भरून आले. ओळखीचं कुणी भेटलं तेव्हा धुळीवर ढकलून मोकळे झाले.

पुढचे दिवस त्यांनी तिला गाडी फारशी चालवू दिली नाही. आत्याबाई आता किल्लीसरशी सुरू व्हायची, लाल दिवा क्षणभर लागून विझायचा, आणि सर म्हणायचे, "कोणता लागला, कोणता विझला, कोणता राहिला? सांग. मगच हात लाव." सून सांगायची. बाई खिडकीतून म्हणायच्या, "आज दारातून बाहेर निघणार आहात की पाठांतरच आहे?"

दुसरी परीक्षा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होती. नापास झाली तर नोकरी गेली. सर मैदानाच्या कडेला बाकावर बसले होते. समोर कार्यालयाची गाडी उभी, आत सून आणि तेच साहेब. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण ती जागची हलली नाही. बाकीचे उमेदवार माना उंचावून बघू लागले.  आपणच तिच्या मनात भीती भरली, तिचे हातपाय गळाले असणार, आता साहेब उतरवणार, असं सरांना वाटत राहिलं. उठून जावं की नाही, हेही ठरेना.

मग गाडी हलली. वळली, चढावर थांबली, मागे सरली, दोन खांबांच्या मध्ये अलगद जाऊन उभी राहिली. सून उतरली, पास झाल्याचा कागद घेऊन सरळ बाकाशी आली आणि तो तिने सरांच्या हातात दिला. सरांनी तो उलटाच धरला.

"एवढा वेळ थांबली का होतीस?"

"एक दिवा विझेना, बाबा. साहेबांनी स्वतःचा सीटबेल्ट लावला नव्हता. चल म्हणाले, काही होत नाही."

"मग?"

"मी म्हटलं, नाही साहेब. आमच्या घरात दिवा लागलेला असला की गाडी हलवत नाहीत."

घरातला तो नियम जेमतेम काही दिवसांचा होता. सुनेने तो पिढ्यानपिढ्या चालत आल्यासारखा सांगितला होता, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेशही नव्हता.  सरांनी कागद सुलटा केला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला घेतला.