लेन ओरडला की पाच गुण

एकतीस हिवाळे लेन गिलहूलीनं गावच्या पोरांना रग्बी शिकवली ती घशाच्या जोरावर. सकाळी गाईंचं दूध काढायचं आणि संध्याकाळी मैदानावर येऊन ओरडायचं. त्याच्या हाताखाली शिकलेले आता आईबाप झाले होते, आणि त्यांची लेकरं अनवाणी चिखल तुडवत होती. यंदा मात्र क्लबला अवदसा आठवली. सरावाचे खेळ पोरांनी रचायचे, नियम पोरांनी करायचे, प्रशिक्षकानं नुसते प्रश्न विचारायचे.

"आणि मी काय खुंटासारखा उभा राहू?" त्यानं क्लबच्या सचिव पेटाला विचारलं.

"शनिवारच्या सामन्यात तोंड बंद ठेवून दाखव, लेन. नाहीतर संघ दुसऱ्याला देईन." पेटाही लहानपणी त्याच्याच शिव्या खाऊन खेळली होती, त्यामुळे त्याला भीत नव्हती.

बायको गेल्यापासून लेनला घरी बोलायला कुणी नव्हतं. संघही गेला तर बोलायचं कुणाशी, म्हणून तो कबूल झाला.

मंगळवारी सरावाला पोरांनी खेळ रचला. प्रत्येकाच्या हाताला चेंडू लागल्याशिवाय गुण नाही. त्यावर वीस मिनिटं वाद, मग सगळे एका जागी ढीग करून पडले. लेनचं डोकं फिरलं.

"अरे, पसरा की जरा, गाढवांनो!"

दहा वर्षांच्या अनाहेरानं खेळ थांबवला. "नवा नियम. लेन ओरडला की समोरच्यांना पाच गुण."

त्या संध्याकाळी एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. अंधार पडेपर्यंत एकट्या लेननं पस्तीस गुण घालवले होते. मेल्यांना चेंडू धरता येत नाही आणि कायदे करतात, असं पुटपुटत तो घरी गेला.

शनिवारी शेवटच्या मिनिटाला संघ तीन गुणांनी मागे होता. चेंडू अनाहेराच्या हातात, आणि डावीकडचं अख्खं मैदान रिकामं. आंधळ्यालाही दिसावं इतकं रिकामं.

"लेन, सांग ना तिला!" मागून आईबाप कोकलले.

शेजारी पेटा उभी होती. लेननं ओठ दाताखाली दाबून धरला. अनाहेरा उजवीकडे वळली, चौघांच्या अंगावर जाऊन आपटली आणि सामना संपल्याची शिट्टी झाली.

"जिंकलास," पेटा म्हणाली. "संघ तुझाच."

लेन तणतणत पोरांकडे गेला. आता प्रश्न विचारायला तरी त्याला मुभा होती.

"डावीकडे काय होतं, दिसलं नाही तुला?"

"दिसलं की," अनाहेरा गुडघ्यावरचा चिखल खरवडत म्हणाली.

"मग गेली का नाहीस, बाई?"

"तू ओरडला नाहीस ना. म्हटलं, माझंच चुकत असेल."