चाकांवरची महालक्ष्मी

"अहो, धरा! धरा ना तिले! चालली नं बाई!"

बायकोचा हा आवाज चौबे कॉलोनीतून निघाला तो थेट रायपूर स्टेशनात गेला आणि तिथे सुटलेली गाडी गार्डनं परत थांबवली, असं मी पुढे अनेकांकडून ऐकलं. अर्थात त्या अनेकांना ते मीच सांगितलं होतं. मी तेव्हा स्टुलावर चढून फुलोरा बांधत होतो. खाली पाहतो तर आमची थोरली महालक्ष्मी हिरवं पातळ, नथ, ठुशी अशा पूर्ण थाटात, मुखवट्यावर तेच शांत हसू घेऊन, हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघालेली. धाकटी मात्र जागच्या जागी उभी.

पोरगी मोबाइल उंच धरून ओरडली, "पापा, चल रही हैं! सच में चल रही हैं!"

मी स्टुलावरून जी झेप घेतली, ती कुण्या माकडानं पाहिली असती तर त्यानं झाडं सोडून दिली असती. थोरलीला कमरेशी धरलं. ती थांबली. पण तोवर चांगली वीतभर सरकली होती.

आता वीतभर म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरी महालक्ष्म्या नसतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना जागेवरून जरासं हलवायचं. हलवलं की निरोप झाला, त्या गेल्या. हा दुसरा दिवस होता. सोळा भाज्यांचं पान अजून वाढायचं होतं आणि पाहुणी जेवायच्या आधीच हललेली.

"मागं ढकलतो," मी म्हणालो.

"हात लावून सरकवाल तर खबरदार! मंग तर झालंच विसर्जन!" बायकोच्या हातात पुरणाचा झारा होता. मी पुढे जाऊ देईना, ती मागे नेऊ देईना. मी आपला देवीला मिठी मारून उभा.

हे सगळं का घडलं, तर माझ्या कलेमुळे. ज्या पत्र्याच्या कोठ्यांवर मुखवटे ठेवून साड्या नेसवतात, त्या आमच्या कोठ्या खालून गंजून गेल्या होत्या. आई म्हणाली, "नागपुरावरून नव्या मागव." मी म्हणालो, मागवायच्या कशाला, बनवतो. हातानं बनवायचं वेड मला आईकडूनच आलं. ब्राह्मणपाऱ्यातल्या तिच्या घरात तिनं जुन्या धोतराचे हात शिवून त्यात कापूस भरला होता आणि फुटक्या बांगड्यांच्या काचांतून देवीचा असा कंबरपट्टा केला होता, की पाहायला आलेल्या सोनारानं घडणावळ विचारली. मी लहानपणी तिच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायचो. मोबाइलवरचे व्हिडिओ फार नंतर आले. त्या व्हिडिओंत लोक बाटलीचे दिवे करतात, मी पाण्याच्या पाइपाची देवी उभी केली.

पाइप, रंगाचे रिकामे डबे आणि उरला गावच्या कारखान्यांकडच्या भंगारातून आणलेले कूलरचे दोन स्टँड. स्टँडला चाकं होती. काढायची कशाला? पुढल्या वर्षी सामान हलवायला बरं! धाकटीच्या स्टँडची चाकं गंजून जाम होती. थोरलीची मी तेल घालून अशी मऊ केली, की फुंकर मारली असती तर ती भिलाईला पोचली असती. चाकाखाली लग्नपत्रिकेची घडी सारून ठेवली. बायकोनं निऱ्या नीट करायला पदर ओढला आणि घडी निसटली.

त्यात फरशी. धुतलेलं पाणी आपोआप मोरीकडे जावं म्हणून हॉलला स्वयंपाकघराकडे उतार मीच मागे लागून काढून घेतला होता. माझ्या दोन अकला त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या.

"आई निघाल्या का हो?" बायकोचा आवाज आता बारीक झाला होता.

आई घरून निघाली होती. खरी भीती तीच होती. महालक्ष्म्या आईचं घर सोडून आमच्याकडे पहिल्यांदाच आल्या होत्या. लग्न झाल्यापासून बायकोच्या मनात होतं, की एकदा तरी त्या आपल्या हातचं जेवाव्यात. आईनं साफ सांगितलं होतं, नीट झालं तर कायमच्या तुमच्याकडे, नाहीतर पुढल्या वर्षीपासून भिलाईला मोठ्याकडे. आणि भिलाईची माझी वहिनी म्हणजे आंबीलसुद्धा फूटपट्टी लावून ढवळणारी बाई.

"वरवंटा आण," मी म्हणालो. बायकोनं वरवंटा चाकाखाली सारला. पोरीनं कोल्ड्रिंकच्या बाटलीचा गळा कापून नरसाळं केलं (शेवटी रक्त माझंच!) आणि आम्ही पदराआडून खालच्या डब्यात घरातले सगळे गहू ओतले. आई कोठीत गहू का भरायची, ते मला तेव्हा कळलं. मी आजवर त्याला नुसती पूजा समजत होतो. थोरली अशी घट्ट बसली, की भूकंप आला असता तर घर हललं असतं, ती नाही.

पण वीतभर पुढे ती होतीच. धाकटीच्या पुढे, जरा तिरपी.

तेवढ्यात आई ई-रिक्शातून उतरली. पाय धुऊन आत आली, हात जोडले, आणि मग तिची नजर खाली गेली. काठीच्या टोकानं तिनं पदराचा काठ उचलला. वरवंटा दिसला. चाक दिसलं.

"काय रे, इले चाकं काहून लावले?"

मी गोष्ट रचायला तोंड उघडलं. तीन-चार गोष्टी तयारही होत्या, त्यातली एक तर फार सुंदर होती. पण बायकोनं मला बोलूच दिलं नाही.

"आई, त्या हलल्या," ती म्हणाली. डोळे भरून आलेले, झारा अजून हातातच. "मी निऱ्या करून राहिली होती. आपल्या आपण सरकल्या. कुणी हलवलं नाही, पण सरकल्या."

पोरीनं मोबाइल खाली घेतला.

आईनं धाकटीकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. बायकोनं घातलेल्या निऱ्यांवरून एकदा हात फिरवला.

"कोणीकडं सरकली? दाराकडं?"

"नाही. आत. स्वयंपाकघराकडं."

आईनं काठी भिंतीला टेकवली.

"मंग भूक लागली असन. पान वाढ."