खंडेराव सरांचा इन्व्हर्टर

आमच्या इंदिरानगरात लोडशेडिंगचे दिवस सुरू झाले तेव्हा गल्लीत घरोघरी इन्व्हर्टर आले. एक घर सोडून. ते फिजिक्सच्या खंडेराव सरांचं.

सर आणि मी एकाच कॉलेजात शिकवायचो. वर्षाच्या शेवटच्या तासाला पुस्तक मिटून ते मुलांना लेझर फ्यूजन सांगत. मोहरीएवढी हायड्रोजनची गोळी, तिच्यावर चहूबाजूंनी एकाच क्षणी लेझरचा मारा, आणि सूर्याच्या पोटात चालतं ते त्या गोळीत. धूर नाही, कोळसा नाही, वीजच वीज. "वीस वर्षं थांबा," असं ते ब्याण्णव साली म्हणाले होते. दोन हजार सहामध्येही वीसच. मुलं हसायची. हल्ली सर स्वतःच थकल्यासारखे बोलत, खडू हातात नुसता फिरवत राहत. ते बघवत नसे.

इन्व्हर्टरवर मात्र त्यांचा भारी राग. "वीज घेतो जास्त, देतो कमी. असलं यंत्र फिजिक्सच्या मास्तरानं घरात आणायचं?" माणूस हुशार, पण हट्टाला पेटला की औषध नाही.

त्यांची मुलगी निकिता त्या वर्षी बारावीला होती. संध्याकाळी वीज गेली की मेणबत्तीपाशी पुस्तक धरून बसे. डोळे चुरचुरत, चाचणीत मार्क घसरलेले. संक्रांतीच्या तोंडावर मी त्यांच्याकडे गेलो, तर लंकाबाई वहिनी त्याच उजेडात तिळाचे लाडू वळत होत्या. वहिनी वणीकडच्या. एरवी सरांपुढे चकार शब्द काढत नसत.

"अहो, तुमचं ते लेझर," त्या म्हणाल्या, "ते तरी घेतं त्याच्यापेक्षा जास्त देतंय का?"

सरांनी मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखानं खरवडलं. मग म्हणाले, "अजून नाही."

"मंग त्याला इतकी वर्षं दिली, अन् पोरीला उजेड नाय?" हातातला लाडू त्यांनी इतका दाबला की तो फुटला.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. निकितानं पुस्तकातून मान वर केली नाही.

संक्रांत झाली आणि इन्व्हर्टर आला. त्या संध्याकाळी वीज गेली तरी निकिताच्या टेबलावरचा दिवा चालूच होता. सर मात्र बाहेर पायरीवर अंधारात बसले होते.

"सर, आत बसा की."

"बसतो," ते म्हणाले. "उजेडासाठी एवढी वर्षं थांबलो. आज सकाळी तो टेम्पोतून आला."