सोऱ्याची मूठ

"घरी विचारून सांगतो."

ओव्हरटाइम असो, रविवारची पाळी असो, पोरांची सहल असो, आमच्या मिस्त्रींचं पहिलं उत्तर हेच. बायकोचं नाव पुढे करून काम टाळणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे तसले नव्हते. ते खरंच घरी जाऊन विचारत आणि सकाळी लेथ सुरू करण्याआधी माझ्या टेबलाशी येऊन सांगत, "घर म्हणतं, रविवारी नको. सोमवारी लवकर येतो."

चिखलीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाइकं आणि मशिनी ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. पगार, डिस्पॅच आणि सगळ्यांच्या तक्रारी माझ्याकडे. मिस्त्री मूळचे लातूरकडचे. वर्कशॉपमधली पोरं त्यांची टिंगल करायची.

"मिस्त्री, चहा घेणार, का घरी विचारून सांगता?"

"चहाचं मागंच विचारून ठेवलंय. दोन सांगितलेत. हा दुसरा."

कातून झालेल्या जॉबवर ते आधी अंगठ्याचं नख फिरवायचे, मग माप घ्यायचे. त्यांचा जॉब कधी परत आल्याचं मला आठवत नाही. पण चांगले कारागीर होते म्हणून मी त्यांच्याविषयी लिहीत नाहीये. मला त्यांच्या बायकोचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ते फोन लावायचे. "जेवलीस का? काय खाल्लंस? नुसता भात? मग भाजी कुणासाठी ठेवलीस?" रोज. केबिनच्या काचेच्या अलीकडे आम्ही नवराबायको एकाच टेबलावर जेवायचो आणि टेम्पो आला का, एवढंच बोलायचो.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पुजतात. पूजा मालकिणीनं करायची, ही आमची पद्धत. त्या वर्षी तबक घेऊन एकेक मशीन करत मी त्यांच्या लेथपाशी आले, तर मिस्त्री आडवे आले.

"वहिनी, एवढी राहू द्या. घरची माणसं येतायत."

घरची माणसं म्हणजे एक बाई. रिक्षातून उतरली. बुटकी, साधारण माझ्याच वयाची, नवी साडी नेसलेली. संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली होती. कुंकवाची चिमूट धरता येईना, तेव्हा मिस्त्रींनी तिचा हात खालून धरला आणि दोघांनी मिळून लेथला कुंकू लावलं.

"हीच का?" मशीनकडे बघत तिनं विचारलं.

"हीच."

"तुम्ही सांगता त्यावरनं मोठी वाटली होती."

मिस्त्री हसले. मी तबक धरून उभी. मशीन माझी आणि कुंकू तिचं.

त्या दिवाळीत तिच्या हातच्या चकल्या आल्या. काटेरी, खुसखुशीत. त्या बोटांनी सोऱ्या कसा फिरवला, मी विचारलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री सोऱ्याच घेऊन आले. पितळी, स्वतः बनवलेला. वरची मूठ विचित्र खळग्यांची होती. बायकोला कणकेचा गोळा मुठीत दाबायला सांगून, त्या ठशावरून त्यांनी ती घडवली होती. मी धरून पाहिली. माझी बोटं भलत्याच खळग्यांत पडत होती.

"मलाही एक करा," मी म्हणाले.

"करतो की. हाताचा ठसा लागंल."

"मग घ्या."

ते मागे सरकले. "मी कसा घेणार, वहिनी? दाबताना हात खालून धरावा लागतो. साहेबांना सांगा."

घरी ह्यांना सांगितलं. मोबाइलमधून मान वर न काढता हे म्हणाले, "ठसा कशाला? मध्यम म्हणून सांग. तुझा हात मध्यमच असेल."

मी मिस्त्रींना सांगितलं, मध्यम.

"मध्यम म्हणजे किती?"

"राहू द्या."

माझा मीच गोळा दाबून दिला असता तरी चाललं असतं. नाही दिला.

मग आम्ही चाकणला दुसरं युनिट घेतलं, ते मिस्त्रींच्याच भरवशावर. तिथली अवघड कामं त्यांच्याशिवाय निघणार नव्हती. "घरी विचारून सांगतो," म्हणाले, आणि पहिल्यांदाच आठवडा उलटला तरी उत्तर नाही. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले.

दोन खोल्या. मिस्त्री ओट्याशी भाकरी थापत होते. बाई खुर्चीवर बसून नजर ठेवून होती.

"कड जाड राहिली," ती म्हणाली.

"तव्यावर बघ, मग बोल."

मला पाहून तिनं तक्रार सुरू केली. "तुम्हीच सांगा वहिनी ह्यांना. मी जा म्हणतेय. ऐकतच न्हाईत."

"मिस्त्री, घर तर जा म्हणतंय," मी म्हणाले. "आता काय राहिलं?"

त्यांनी भाकरी उलटली. "चाकणहून यायला उशीर होतो. ट्रॅफिक तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी लवकर निघावं लागंल. हिची वेणी कोण घालणार?"

बाई लाजली नाही, की माझ्याकडे पाहून हसली नाही. नवऱ्यानं वेणी घालण्यात तिला काही विशेष वाटतच नव्हतं. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. भाकरी मात्र टम्म फुगली होती. मी अर्धी खाऊन निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं लातूरला, लेकीच्या शेजारी राहायला गेली. चाकणला मिस्त्री आलेच नाहीत. तिथं दोन माणसं ठेवलीत. काम रडतखडत चालतं.

जाताना मिस्त्री लेथ पुसून, तेल देऊन गेले. टूलच्या ट्रेमध्ये फडक्यात गुंडाळलेला पितळी सोऱ्या होता. माझ्यासाठी. मूठ साधी गोल आणि चांगली जाड. लेथवाल्यांची ही रीत आहे. माप हाती आलं नसलं की धातू जास्त ठेवतात. जास्तीचा मागून कातता येतो, कमी पडलेला वाढवता येत नाही.

दिवाळीत मी त्याच सोऱ्यानं चकल्या करते. तळहात भरून येतो. हे येता-जाता एखादी उचलतात, छान झाल्यात म्हणतात.

मूठ अजून तेवढीच जाड आहे.