पंगतीतला उस्ताद

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. माझं डोकं अजून तापलेलं आहे. चहा घ्या आणि मुकाट्यानं ऐका, कारण असला गाढवपणा सांगायला माणूस रोज बसत नाही.

तो मारामारीचा गेम माहीत आहे ना? मोठा गोल आखाडा, त्यात दोन गडी चारी दिशांनी पळतात, उडतात, एकमेकांना उचलून आपटतात. त्याचे भागावर भाग निघतात. मी पहिल्या भागापासूनचा खेळाडू! लग्न झालं, केस गेले, गेम सुटला नाही.

पण नव्या भागात बनवणाऱ्यांनी काय अक्कल पाजळली? आपल्या गड्याच्या पुढचं तेवढं दिसतं. समोरचा वळसा घालून पाठीशी गेला की दिसणं बंद! अरे, आम्ही ऊर्जानगरात राहतो, वाघाच्या जंगलाला खेटून. इथे बाई कचरा टाकायला निघाली तरी आधी मागे बघते, मग पाऊल उचलते. आणि यांना मागचं दाखवायची गरजच वाटली नाही?

त्यात माझा साळा, मंग्या. राहतो धानोऱ्याला, खेळतो नेटवरून, आणि मारतो फक्त पाठीमागून! लहान साळीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि आमची शर्त लागली. जो हरेल त्यानं लग्नाच्या पंगतीत उभं राहून दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "हा माझा उस्ताद!" मी जावई माणूस. सासऱ्यांसमोर, अख्ख्या वऱ्हाडासमोर या खिदळ्याला उस्ताद म्हणू? जीव गेला तरी नाही!

झालं. दिवेलागणीला कानाला हेडफोन लावून बसलो. खिडकी सताड उघडी, कारण उकाडा. मंग्यानं नखांवाला गडी घेतला आणि लागला माझ्याभोवती फिरायला.

"मागून आला! मागून आला!" मी माझ्याच गड्यावर ओरडलो. "पळ ना बे! झेप घेतली! पंजा मारला! मानेवर मारला रे!"

कानात मंग्या खिदळतोय. "भाऊजी, मांगं पाहा ना! तुमाले सांगून मारून राह्यलो!"

आणि इतक्यात बाहेर ठणठणाट सुरू! थाळ्या, शिट्ट्या, फटाके! हेडफोनमधून घुसून टाळक्यात वाजायला लागलं. माझं लक्ष उडालं, मंग्यानं मला उचललं आणि आपटलं. खेळ खलास!

आता सांगा, माणसानं संतापायचं नाही? मी बनियनवरच बाहेर धावलो.

"कोणाची वरात निघाली रे?"

रस्त्यावर अख्खी कॉलनी. हातात थाळ्या, काठ्या, टॉर्च. मधोमध वनखात्याची गस्तीची जीप. शेजारच्या बोरकरबाई किंचाळल्या, "भाऊ, आत पळा! वाघ घुसला! कोनाले तरी धरलं त्यानं! आमी आपल्या कानानं आयकलं!"

मी काय केलं सांगू? एका उडीत जीपमध्ये, गार्डसाहेबांच्या सीटवर!

मग शोधाशोध झाली. झुडपं बघितली, नाली बघितली. पाऊलखुणा नाहीत, रक्त नाही, घराघरात माणसं जागच्या जागी. गार्डसाहेब वैतागले. "कोनं पाह्यला वाघ?"

कोणीच नाही. सगळ्यांनी फक्त आरडाओरडा ऐकलेला.

माझ्या डोक्यात आग पेटली. म्हणजे कोणा मूर्खाच्या बोंबलण्यापायी मी हरलो? मी जीपमध्ये उभा राहिलो. "साहेब, त्याला सोडू नका! डोळ्यांनी काही दिसलं नाही तरी बोंबलतो? रोज संध्याकाळी त्याच्या हातात थाळी द्या आणि ट्यूशनच्या पोरींना घरोघर पोचवायला लावा! जिरली पाहिजे त्याची!"

टाळ्या पडल्या हो! मला वाटलं, चला, कुठेतरी जिंकलो.

"मंजूर," गार्डसाहेब म्हणाले. "आवाज कुठून आला होता?"

एक टॉर्च माझ्या खिडकीवर गेला. मग दुसरा. मग सगळे. त्या उजेडात माझी बायको उभी, कमरेवर हात ठेवून.

"मी कवाची सांगून राह्यली यांले, खिडकी लावून खेळा म्हनून!"

बोरकरबाईंनी थाळी खाली केली. "अगा माय! हा तं भाऊचाच आवाज होता!"

"अहो, तो गेम होता," मी पुटपुटलो.

"मंग मानेवर पंजा कोनं मारला?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"साळ्यानं."

त्यांनी बोरकरबाईंच्या हातातली थाळी घेतली आणि माझ्या हातात दिली.

तेव्हापासून संध्याकाळी मी ठणठण करत पुढे, आणि पोरी मागे. टिकलीएवढ्या त्या, पण दर वळणावर ओरडतात, "काका, मागून आला!" आणि दर वळणावर मी उडतो. सवय होत नाही!

बरं, शर्त काही टळली नव्हती. धानोऱ्याला लग्न लागलं, पंगत बसली. समोर मंग्या दात काढून तयार. दातओठ खात मी उठलो, त्याच्याकडे बोट केलं, छाती भरून श्वास घेतला.

तोच सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरून मला खाली बसवलं.

"जवाईबापू, जे बोलाचं ते कानात बोला. इथं मांगं जंगल हाय. तुमी ओरडले का सगळ्यात पयले नवरदेवच पळन!"