पावडर खात्याची सरासरी

बाबांची उशी पिवळी असायची. मोरिवलीजवळच्या रंगाच्या कारखान्यात ते पावडर खात्यात होते. कोरडा रंग पिंपात भरायचा, झाकण ठोकायचं, की पुढचं पिंप. अंग कितीही घासलं तरी घाम पिवळाच यायचा. बुवापाड्यातल्या आमच्या चाळीत कोण कुठल्या खात्यात आहे ते दोरीवरच्या बनियनवरून कळे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. बाबांच्या खोकल्याचंही नाही.

वर्षातून एकदा कंपनीत डॉक्टर यायचा. एका नळीत जोरात फुंकायचं, मग यंत्रावर छातीतल्या दमाचा आकडा येई. आकडा कमी आला की माणसाला हलक्या कामावर टाकत. म्हणजे ओव्हरटाइम बंद, आणि हलकं काम संपलं की माणूसही घरी.

मी तेव्हा उल्हासनगरला बी.कॉम. करत होते. संख्याशास्त्र हा एकच विषय मला आवडायचा, कारण त्यात कुणी खोकत नाही. ही हुशारी चाळभर माहीत झाली होती. म्हणून समोरच्या खोलीतले काका, जे बाबांच्याच खात्यात होते आणि युनियनचं काम बघायचे, एका रविवारी कागद घेऊन आले. पावडर खात्याचे आणि ऑफिसातल्या कारकुनांचे फुंकीचे आकडे त्यांनी खटपट करून मिळवले होते.

"पोरी, हे समोरासमोर मांड. आपल्या लोकांची छाती खलास झालीय हे एकदा आकड्यात दिसलं ना, की मॅनेजर गपचूप पंखा बसवतो का नाही बघ."

पंखा म्हणजे धूळ ओढून बाहेर टाकणारा. तो बसला असता तर बाबांची नोकरीही राहिली असती आणि श्वासही. आई चुलीपासून उठून दाराशी आली. "नीट कर गं, घाई नको," एवढंच म्हणाली.

मी सरासरी काढली. पावडर खातं कारकुनांपेक्षा सरस निघालं. बेरीज चुकली असेल म्हणून पुन्हा केली. मग मध्यक काढला. शाळेत कवायतीला उंचीप्रमाणे उभं करतात तसे आकडे लावायचे आणि बरोबर मधला उचलायचा. एखादा आकडा वेडावाकडा असला तरी तो फारसा हलत नाही. तोही सरस. उरला बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा. तोच खात्यातला सगळ्यात मोठा आकडा होता, आणि त्याच्या धन्यांमध्ये आमचे बाबाही होते. नळावरून बादली आणताना ज्यांना मध्येच टेकावं लागे, ते बाबा.

"बाबा, हा आकडा तुमचा?"

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "शेजारच्या कबड्डीवाल्याने फुंकलं माझ्या नावावर. कार्डावर फोटो थोडीच असतो. म्हटलं, एवढ्या माणसांत एकाने काय फरक पडतोय?"

काकांनी कागद पालथा घातला. मग हळूच म्हणाले, "माझंपण त्यानेच फुंकलंय."

आठवडाभर त्यांनी खात्यात कानोसा घेतला आणि पुढच्या रविवारी कागद घेऊन पुन्हा आमच्याकडे आले. ज्याची ज्याची छाती गेली होती त्या प्रत्येकाने तेच केलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. तो कबड्डीवाला तेव्हा कारखान्यात बदली कामगार होता, मनाने चांगला, कुणाला नाही म्हणत नसे.

"मग खरं सांगू या," मी म्हटलं. "आकडेच खोटे असतील तर गणिताला काय अर्थ आहे?"

"खरं सांगितलं तर सगळे घरी बसतील," काका म्हणाले. "आणि सगळ्यात आधी ते पोरगं."

बाबा म्हणाले, "राहू दे."

काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली. पंख्याचा विषय तिथेच संपला. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी उठून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

काही वर्षांनी बाबा गेले. कंपनीने कळवलं की तपासणीत त्यांची छाती दर वर्षी उत्तम होती, तेव्हा आजाराचा कामाशी संबंध नाही आणि भरपाईही नाही. मला त्यातला शब्द न् शब्द समजला. आई म्हणाली, रड एकदा. मी म्हटलं, नंतर.

कबड्डीवाला भेटायला आला. जयभीम करून कोपऱ्यात बसला. तो आता कायम झाला होता, बाबांच्याच जागेवर, पावडर खात्यात. त्याच्या शर्टाची कॉलर पिवळी होती. आईने चहा दिला. त्याने तो बशीत ओतला, एक फुंकर घातली, दुसरी अर्ध्यातच राहिली. बशी हातात धरून तो चहा आपोआप निवायची वाट बघत बसला.

आई बघत होती.

"आता तुझं कोण फुंकतं रे?"

"आलाय एक नवीन, बदलापूरचा," तो म्हणाला. "दम आहे पोरात."